क्लोटिल्द आत्याच्या थडग्यावरचे दोन गुच्छ

सेंट-आर्मांड, लुईझियाना
४ नोव्हेंबर

प्रिय युलाली,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता बरा असेल. दुकानाची चौकशी करत नाही. सर्व संतांच्या सणाला इथल्या बहुतेक थडग्यांवरची शेवंती तुझ्याच दुकानातून येते.

माझी शेजारीण ओडेट (नवरा गेल्यापासून फुलांवर पोट भरू पाहणारी) फूलविक्रीच्या परवान्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली, हे तुला सांगायला नको. परीक्षकांत तू होतीस. परवान्याशिवाय तिला गुच्छ विकता येत नाही, आणि आता घर विकून मुलीकडे जाण्याचे तिच्या मनात आहे. कुंपणावरून तिने मला विचारले, "मास्तर, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, गुच्छानं आजवर कुणाचा जीव घेतलाय?" प्रश्न मला सोडवेना. वायरमन चुकला तर घर जळते. तिथे परवाना हवा, हे निर्विवाद. फुलांनी जखमी झालेला मात्र एकच इसम सापडला, तोही नुकताच: मी स्वतः (तुझ्या गुच्छातली तार बोटात गेली). शिवाय ज्याचे गिऱ्हाईक जाणार त्यानेच नवख्याला गुण द्यायचे, ही व्यवस्था जनतेला सांभाळते की दुकानाला? तुझे म्हणणे असे, की अडाणी हाताचा गुच्छ दिवसभर टिकत नाही आणि शोकात असलेली माणसे फसतात. हा मुद्दा तपासण्याजोगा होता.

म्हणून एक तारखेला, सणाच्या सकाळी, आत्याच्या थडग्यावर मी दोन गुच्छ ठेवले, एक तुझ्या दुकानातून आणलेला, दुसरा ओडेटने भेट दिलेला, आणि कोणता कुणाचा ते कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी तू आलीस. डावीकडच्याला म्हणालीस, "हा बघ दादा, याला म्हणतात शिकलेला हात!" आणि उजवीकडच्याला, "हा काय बोकडानं खोचलाय?"

डावा ओडेटचा होता.

तुझा,
आल्सीददादा

ता. क. ओडेट गुरुवारी चौथ्यांदा परीक्षेला बसते आहे. परीक्षेतला कोणता गुच्छ कुणाचा, हे गुण देऊन होईपर्यंत विचारू नकोस, एवढीच विनंती.

पुन्हा ता. क. प्रामाणिकपणे सांगायचे तर उजवा गुच्छ दफनभूमीच्या फाटकापाशी माझ्या हातून पडला होता, आणि फुले मीच पुन्हा खोचली (बोटात तार गेली ती तेव्हाच). तेव्हा तुझ्या दुकानाविषयी या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. माझ्यापासून जनतेचे रक्षण व्हायला हवे, एवढे मात्र सिद्ध होते. डाव्याला कुणी हात लावलेला नाही. आज चौथा दिवस. सकाळीच पाहून आलो, अजून ताजा आहे.