लोमॅक्सच्या बदल्यात

१२ ऑक्टोबर २००३, रविवार

रसेल लोमॅक्स चालला. लुईव्हिलला. म्हणजे आमच्या नरड्यावर बसलेल्या संघाकडे. करारातलं एक वर्ष शिल्लक असताना.

अकरा वर्षं डेटन हेरन्स या आमच्या बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर होता. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता विकायचा, हे त्याचं काम. दोनदा आम्ही लीग जिंकली. पेपरवाले श्रेय त्याला देतात. संघाचा अध्यक्ष कोण आहे, हे त्यांना कळत नाही असं नाही, लिहायचं नसतं. ९८ साली नाश्त्याला मीच म्हणालो होतो की आपल्याकडे डावखुरे कमी आहेत. त्यानंतर आम्ही जिंकलो. याची नोंद कुठेही नाही.

कारण विचारलं नाही. बायको, मार्सी, म्हणाली, विचारायला हवं होतंस. म्हटलं, गद्दाराला कारण विचारत नाहीत.

निश्चय: १) संतापायचं नाही. २) पेपरवाल्यांशी बोलायचं नाही. ३) करार मोडायला परवानगी हवी असेल तर लुईव्हिलने भरपाई द्यावी. भरपाई म्हणजे खेळाडू. आणि खेळाडू म्हणजे राफाएल ओचोआ. तेवीस वर्षांचा, त्यांचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याखाली एक पायरीही उतरणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हॅरॉल्ड स्टॅमीला फोन केला. लुईव्हिलचा अध्यक्ष. वीस वर्षांची ओळख, वीस वर्षांचा तिटकारा. ओचोआचं नाव घेतल्यावर पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. घाबरला. मग म्हणाला, ड्वाइट, जरा थांब, मी दार लावून घेतो, हे सगळ्यांना ऐकू जायला नको. मागून कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. लाइन खराब असावी.

शुक्रवारी सिनसिनाटीत भेटायचं ठरलं. दोघांनाही मधलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पेपरवाल्याशी एकच वाक्य बोललो. अध्यक्ष अगदीच मुका राहिला तर लोक काहीबाही बोलतात. एका वाक्यातून दुसरं निघत गेलं, चाळीस मिनिटं झाली. चांगलं झालं बोलणं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मथळा: ‘लोमॅक्सचं काम कोणीही करू शकेल: क्रेनशॉ.’

माझं वाक्य याहून लांब होतं. पण मथळा वाईट नाही. ठसठशीत आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सिनसिनाटी. स्टॅमीने आधीच स्पगेटीवर चिली, म्हणजे तिथला खिम्याचा रस्सा, मागवून ठेवली होती, स्वतःपुरती. गळ्यात रुमाल बांधून बसलेला. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्याने कालचा पेपर टेबलावर पसरला. म्हणाला, मला एक समजावून सांग बाबा. ज्याचं काम कोणीही करू शकतं, त्याच्या बदल्यात मी ओचोआ द्यायचा? मग तुझ्या बदल्यात काय मागशील, अख्खं लुईव्हिल?

मी म्हणालो, पेपरवाल्यांचं काय धरून बसतोस.

त्याने एर्नी व्होग्ट देऊ केला. एकतीस वर्षांचा राखीव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. गुडघे असे की उकिडवा बसला तर उठवायला माणूस लागतो. मी तडक उठलो आणि बाहेर पडलो. ओव्हरकोट आत राहिला होता, त्यासाठी परत जावं लागलं. स्टॅमीने तोंडात घास असतानाच तो माझ्या हातात दिला. तरी उठून जाण्याचा परिणाम व्हायचा तो झालाच.

२२ ऑक्टोबर, बुधवार

डाव बदलला. लोमॅक्स किती मोठा माणूस आहे, हे स्टॅमीला पत्रातून पटवायचं. ऑफिसात एकेकाला विचारलं, आपला शॉर्टस्टॉपचा क्षेत्ररक्षक कोणी शोधला? लोमॅक्सने. तो ओक्लाहोमाचा पिचर, ज्याला कोणी घेत नव्हतं? लोमॅक्सने. डावखुरे? डावखुरेही. ९६ सालीच यादी तयार होती म्हणे. माझ्या नाश्त्याच्या दोन वर्षं आधी. ऑफिसातल्या लोकांची स्मरणशक्ती इतकी कच्ची असेल असं वाटलं नव्हतं.

नऊ पानं झाली. टाइप करताना माझी सेक्रेटरी मिसेस पेल मध्येच उठून तोंड धुवून आली. सर्दी.

घरी मार्सीने वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाली, ड्वाइट, यातलं एक वाक्य तरी त्याला कधी बोलून दाखवलंस का?

म्हटलं, ही वाटाघाटीची चाल आहे. खऱ्याचा संबंध नाही.

तिने पानं नीट जुळवून ठेवली आणि झोपायला गेली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

स्टॅमीचं उत्तर दोन ओळींचं. पत्र फार आवडलं, लोमॅक्सच्या केबिनमध्ये चौकटीत लावणार आहे. व्होग्ट अजून घेता येईल.

ठीक आहे. भरपाई ठरेपर्यंत लोमॅक्स आमचा नोकर आहे. त्याला रोज नऊला ऑफिसात हजर राहायला सांगितलं. फोन काढून घेतला. खेळाडूंच्या फायलींच्या खोलीची किल्ली काढून घेतली. बसू दे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पॅसेजमध्ये बसून शब्दकोडं सोडवतो. येणारा-जाणारा थांबतो आणि त्याला काहीतरी विचारतो. आज तर मिसेस पेलने माझीच सही कुठे घ्यायची हे त्याला विचारलं. त्याला स्टेडियमखालच्या, प्रेट्झेलचे खारे पाव भाजायच्या भट्टीशेजारच्या खोलीत हलवलं. खिडकी नाही. आता कळेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

खेळाडू हेरणारे आमचे तीन स्काउट दुपारभर सापडेनात. शेवटी भट्टीशेजारी सापडले. गरम प्रेट्झेल खात पुढच्या वर्षाची यादी करत होते. यादी मागितली तर एकाने ती खिशात घातली आणि म्हणाला, पूर्ण झाली की देतो, रसेलने अजून बघितली नाही.

मी संतापलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

लोमॅक्सने दहा मिनिटं मागितली. दिली, उभ्याउभ्याच.

म्हणाला, ड्वाइट, ओचोआ तुम्हाला मिळणार नाही. पण त्यांच्या खालच्या संघात टेड लुबिन नावाचा एक पिचर आहे. विसाव्या वर्षी इतकं शांत मनगट मी बघितलं नाही. स्टॅमीला त्याची किंमत ठाऊक नाही, सहज देईल. तो घ्या. तीन वर्षांनी माझी आठवण काढाल.

मी विचारलं, हे मला का सांगतोयस?

म्हणाला, हा संघ अकरा वर्षं बांधलाय मी. आणि मी तुम्हाला सोडून चाललो नव्हतो, ड्वाइट. मला फक्त एक तरी निर्णय असा घ्यायचा होता, जो दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा म्हणून छापून येणार नाही.

डोळे लाल होते. भट्टीचा धूर.

सापळा मी लगेच ओळखला. मीठ खायला लागलाय लुईव्हिलचं. सकाळी हाती आलेल्या यादीत लुबिनचं नाव सातवं होतं, आमच्याच स्काउटनी घातलेलं. लाल पेनाने खोडलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुरावा मिळाला. स्टॅमीचा फोन: लुबिन घे आणि मिटव, माझ्याही मालकांना घाई आहे. बोलण्यात इतका गोडवा की ओळखू आलंच. लेखी नकार पाठवला. ‘लुबिन कोणत्याही परिस्थितीत स्वीकारला जाणार नाही.’ कोणत्याही परिस्थितीत खाली दोन रेघा.

प्रकरण लीगचे निवाडे करणाऱ्या कमिशनरकडे गेलं. जिंकल्यातच जमा.

आमच्या मालकीणबाई मिसेस वॉइट यांना फोनवर कळवलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, कमी बोलतात. म्हणाल्या, लुबिन म्हणजे तोच ना, रसेलला आवडलेला? मी म्हणालो, हो, म्हणूनच तर. त्या म्हणाल्या, असं. आणि ठेवला. माझ्यावर पूर्ण विश्वास.

२० नोव्हेंबर, गुरुवार, न्यूयॉर्क

सुनावणी. कमिशनरच्या एका हाताखाली पेपर, दुसऱ्या हाताखाली माझी नऊ पानं. विचारलं, मिस्टर क्रेनशॉ, या माणसाचं काम कोणीही करू शकतं, की याच्यासारखा देशात दुसरा नाही? यातलं तुमचं म्हणणं कोणतं?

म्हटलं, दोन्ही.

स्टॅमी छताकडे बघत होता. लोमॅक्स मात्र खाली. पहिल्यांदाच वाचत असावा ती पानं. प्रत त्याच्या मांडीवर उघडी होती. बाहेर पडताना दारात थांबला. म्हणाला, पान चार, ड्वाइट. ते खरं होतं का?

पान चारवर काय होतं ते मला आठवेना. म्हटलं, वकिलांना विचार.

२ डिसेंबर, मंगळवार

निकाल. कमिशनर लुबिन द्यायला तयार होते म्हणे, पण आमचा लेखी नकार आडवा आला. लोमॅक्स मोकळा. आम्हाला एर्नी व्होग्ट.

संध्याकाळी पान चार काढून वाचलं. ‘माझा मुलगा असता तर तो असा असावा असं मला वाटलं असतं.’ चाल म्हणून वाक्य चांगलं जमलंय. पान कागदांच्या पेटीत घातलं आणि पेटी बंद करून ठेवली.

जनरल मॅनेजर शोधायची गरज नाही. काम मीच बघेन.

१४ मार्च २००४, रविवार, फ्लोरिडा

सरावाचे सामने. लुईव्हिलविरुद्ध. व्होग्ट तिसऱ्या डावात बसला तो उठला नाही. दोघांनी उचलून नेला. त्यांनी सातव्या डावात एक पोरगेला पिचर आणला. आमचे पाच फलंदाज ओळीने परत. नाव फलकावर होतं. मी चष्मा पुसत होतो.

मिसेस वॉइट शेजारीच होत्या. गुण लिहायच्या कागदावर पाच रेघा मारल्या, पेन पर्समध्ये ठेवलं.

२९ मार्च, सोमवार

मी अध्यक्षपदावरून बाजूला झालो आहे. हा दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आहे. मिसेस वॉइट यांनी घेतला आणि मला कळवला. करारातली दोन वर्षं शिल्लक आहेत. त्यांनी आपणहून सगळ्या संघांना पत्र पाठवलं: मिस्टर क्रेनशॉ कोणाला हवे असतील तर खुशाल न्यावेत, डेटन भरपाई मागणार नाही.

आता झुंबड उडेल. मार्सीला फोन मोकळा ठेवायला सांगितलं.

१९ एप्रिल, सोमवार

तीन आठवडे झाले. लोक संकोचत असावेत. म्हणून आपणच पाऊल उचललं, लुईव्हिलला फोन केला. लोमॅक्स लगेच फोनवर आला. चेष्टा नाही, टोमणा नाही. मार्सीची चौकशी केली. म्हणाला, स्टॅमीला विचारतो, ड्वाइट.

२१ एप्रिल, बुधवार

लोमॅक्सचा फोन. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, त्याला मी दोनदा विचारलं. फुकटसुद्धा नको म्हणतो.

मार्सी दारात उभी होती. काय म्हणाला, विचारलं.

म्हटलं, वाटाघाटी चालू आहेत.