देवगाव फाट्याच्या पुलाचं गणित

सर, तुम्ही जाऊन लय वर्षं झाली. पुलाचं गणित करणारा तुमचा प्रोग्राम मात्र अजून चालतो, आणि त्याचं मी काय केलं ते सांगायला लिहितेय. पॉलिटेक्निक सोडताना त्याची फ्लॉपी तुम्ही माझ्या हातात ठेवली होती. आता तसले कॉम्प्युटर राहिले नाहीत, म्हणून ऑफिसातल्या नव्या मशीनवर मी एम्युलेटर टाकून घेतला. त्याच्या आत सगळं जुन्या कॉम्प्युटरसारखंच चालतं. काळ्या पडद्यावर तुमची पांढरी अक्षरं उमटली आणि मला परभणीची ती लॅब आठवली. चपला दाराबाहेर, पंखा फक्त मशीनकडं वळवलेला, तुम्ही माझ्या मागं उभे. उत्तर बसेपर्यंत मी आकडे बदलत बसलेय. तुम्ही म्हणता, "पोरी, पूल तुला विचारून वाकत नसतो." सगळा वर्ग हसतो. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नव्हते.

यंदा उन्हाळ्यात आमचे साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. देवगाव फाट्याजवळ आमच्या ऑफिसनं आखलेल्या पुलाच्या स्लॅबला दोन वर्षांतच तडे गेले होते. चौकशी लागली होती आणि फाईलमध्ये गणिताचा कागद नव्हता, कारण गणित कुणी केलंच नव्हतं. मी लोखंड, जाडी, वजन, सगळं खरं भरलं. प्रोग्रामनं इंग्रजी अक्षरांत तुमचंच मराठी उत्तर छापलं: पुन्हा करा.

"मॅडम, कापसाचे ट्रॅक्टर कशाला धरायलात?" साहेब म्हणाले. "बैलगाड्या धरा. खेड्यातला पूल हाय."

मी बैलगाड्या धरल्या. पूल पास झाला.

"आता ह्या जुन्या कॉम्प्युटरात तारीख मागं नेता येती का?"

"येते."

"मग न्या की."

तीही नेली. गुटख्यानं लाल झालेल्या बोटांनी त्यांनी तो कागद उचलला. खाली कोपऱ्यात तुमचं नाव होतं, प्रोग्राम दर वेळी छापतो तसं. मला शिसारी आली. आता त्या माणसाचा सकाळचा नमस्कारसुद्धा नको वाटतो, देवाच्या फोटोपुढं त्यांनी लावलेल्या उदबत्तीचा वास आला की मी खिडकी उघडते. तरी रोज दहाला मी त्याच खोलीत जाऊन बसते.

चौकशीचे अधिकारी आले, कागद वरवर चाळला, "सॉफ्टवेअरवर केलंय म्हणजे चांगलंच हाय," म्हणाले. तड्यांत सिमेंट भरायचं ठरलं आणि फाईल बंद झाली. कापूस भरलेले ट्रॅक्टर त्याच पुलावरून सेलूला जायलेत.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी पहिला, 'पुन्हा करा' छापलेला खरा कागद घडी करून माझ्या पर्समध्ये होता. उठताना अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, अजून काही दाखवायचं हाय का?" मी नाही म्हणाले, आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.