काकूंच्या छपरावरचा दात

शुक्र. ३ ऑक्टो.
मंगळवारी लिहिलं होतं, ईशाचा पहिला दात शाळेत पडून हरवला. चूक. शाळेत नाही, शैला काकूंकडे पडला. आणि हरवलाही नाही. काकूंनी तो त्यांच्या छपरावर टाकायला लावला. ईशा फक्त "इट्स गॉन" म्हणाली होती, बाकीचं मी माझ्या मनानं लिहिलं.

ईशा दोन वर्षांची होती तेव्हापासून काकूच सांभाळतात तिला, आता शाळा सुटल्यावर. मंगळवारी निखिलनं तिला आणलं, म्हणजे त्याला माहीत होतं. "सांगितलं नाही का मी? अगं, दातच आहे."
दातच आहे. खालचा, डावीकडचा. आला तेव्हा चमच्यावर टक्कन वाजला होता. चमचा माझ्या हातात होता.

शनि. ४ ऑक्टो.
काकूंना फोन. सहज केल्यासारखा.
"अगं वीणा, तू मीटिंगमध्ये असणार, म्हटलं कशाला त्रास द्यायचा? इथं परदेशात शेण कुठनं आणू, मग कणकेच्या गोळ्यात घातला दात. उंदरा उंदरा, माझा दात घे, तुझा दात दे! काय खणखणीत म्हणाली पोरगी! पहिल्या फटक्यात वर."
मी म्हटलं, "थँक्यू काकू." वरण करपलं.

हे सगळं मला आईनं शिकवलेलं. अक्षरं, पाढे, शेणाच्या गोळ्यातला दात, सगळं शाळेच्या आधी घरात. ईशाला मी शिकवणार होते. लिहायला लाज वाटते, पण इथं खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला. हेवा वाटतो. साठीच्या बाईचा, जी माझ्या मुलीला रोज गरम पोळी करून घालते.

सोम. ६ ऑक्टो.
ऑफिसमधून येताना काकूंच्या गल्लीत गाडी थांबवली. त्यांचं घर बैठं. छपराच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. गोळाच असणार. समोरचे आजोबा झाडांना पाणी घालत होते, "कॅन आय हेल्प यू?" घर बघतेय म्हटलं. विकायला काढलंय का, विचारायला लागले. निघाले तिथून.

ईशाला विचारलं, वर्गातल्या मुलींसारखा परीसाठी उशीखाली नव्हता का ठेवायचा?
"मम्मा, फेअरी जस्ट टेक्स इट. उंदीर गिव्ह्ज वन बॅक."
हेही काकूंचंच.
शेजारचा दात हलायला लागलाय. तोसुद्धा तिकडेच टाकायचा म्हणते. "दे हॅव टु बी टुगेदर."

बुध. ८ ऑक्टो.
शाळा सुटल्यावर मुलांना तिथंच सांभाळतात, त्या आफ्टरकेअरमध्ये जागा आहे. अर्ज भरला. नि.ला कारणं सांगितली: होमवर्क तिथंच होईल, ऑफिसच्या वाटेवर आहे, काकूंचंही वय झालं. सगळी खरी. त्यातलं एकही खरं कारण नाही.
ईशाला अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ती...

रवि. १२ ऑक्टो.
नि. आणि ईशा पार्कमध्ये गेलेले. कणीक भिजवली. गोळ्यात दाताच्या जागी वालाचा दाणा. आमचं टाउनहाउस तीन मजली, छप्पर मान मागे टाकल्याशिवाय दिसत नाही. पहिला गोळा गॅरेजच्या दारावर. पुढचा पलीकडच्यांच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या योगा मॅटवर. मग खांदाच धरला.
नि. आला, दारावरची कणीक बघून थांबला. "यार वीणा, शिडी आणू का?" जेवण होईपर्यंत बोलले नाही त्याच्याशी.

संध्याकाळी सांगलीला आईला फोन. विचारलं, आपल्या घराला तर स्लॅब होता, मग माझा पहिला दात कुठं टाकलास?
"मी कुठं टाकला? शेजारच्या सुमननं तिच्या कौलावर टाकला. मी बँकेत. घरी येऊन बघते तर सगळं उरकून मोकळी. गाणंसुद्धा तिनंच शिकवलं तुला."
"मग?"
"मग काय? आठ दिवस तिच्याकडं विरजण मागायला गेले नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं."
मला वाटलं होतं, माझी समजूत घालेल.

४ तारखेचं दुरुस्त करायला हवं. दाताचं मला आईनं नाही, सुमनमावशींनी शिकवलं. तरी मला आठवतो तो आईचाच हात. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. आई बांगड्या घालतच नव्हती.

मंगळ. १४ ऑक्टो.
ईशाला आणायला गेले. काकू दारातच. "लोंबतोय हं दात. तुमच्याकडे पडला तर तिकडेच टाका, माझं काही नाही. पण एवढ्या उंचावर राहायची हौस तुम्हाला, गोळा पोचायचा कसा?" आणि हसल्या. ईशानं गॅरेजच्या दाराचं सांगितलेलं दिसतंय.
मला हसू आलं नाही. तरी विचारलं, दात टाकायला शुक्रवारी मीही आले तर चालेल का?
"चालेल काय, ये की. वसुबारस आहे, रांगोळीला बस माझ्याबरोबर. पण दात थांबायला पाहिजे ना तुझ्यासाठी!"

आफ्टरकेअरला हो-नाही कळवायची मुदतही शुक्रवार संध्याकाळ. काय कळवणार ते नि.नं दोनदा विचारलं.

आत्ता ब्रश करताना ईशानं तोंड उघडून दाखवलं. एका धाग्यावर आहे. जरा ढकलला असता तर इथंच, माझ्या हातात. बोट जवळ नेलं. तिनं डोळे मिटले, विश्वासानं. बोट मागे घेतलं.

रजा टाकली. शुक्र. १७ ऑक्टो., शाळा सुटल्यावर, काकूंकडे. कणीक मी घरून भिजवून नेणार.