वाटी परत मिळण्याबाबत

आदरणीय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात वाकलो तर उठवायला माणूस लागतं, आणि सध्या घरात ते नाही. त्याबद्दलच पुढे लिहितो आहे.) पत्रात नमस्कारामागून विनंती आणि विनंतीमागून विशेष यावं अशी रीत आहे. मी क्रम जरा फिरवतो. विशेष आधी सांगतो, विनंती शेवटी करतो; कारण विनंती आधी दिसली की माणूस पुढचं वाचत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? माझा दोन्ही वेळेला कुरकुरतो, त्यामुळे निदानाला वाव राहत नाही. ताईंना नमस्कार सांगा. सध्या तुमच्याकडे मुक्कामाला असलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीलाही सांगा... नको, तिला काही सांगू नका. मी पत्र लिहिलंय हेसुद्धा कळू देऊ नका. ती जेवते ना नीट? तिला पंखा मोठा लागतो आणि अंगावर जाड पांघरूणही लागतं, दोन्ही एकाच वेळी. त्यात तर्क शोधू नका. मी उभा संसार शोधत आलो आहे.

तुमच्याकडे ही ‘सहज आले’ म्हणून आली असेल. सहज वगैरे काही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेली. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, मापात पाणी ओतून बघायचं, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर जप्ती. आमच्या खात्यात माप एक तर खरं असतं, नाही तर खोटं. ‘जरासं इकडेतिकडे’ असा तिसरा प्रकार आम्ही ओळखत नाही. तुमच्या कापडाच्या दुकानातली मीटरपट्टी तपासायला मी मुद्दाम दुसऱ्या माणसाला पाठवत असे, उगाच साडू-साडूंत वितुष्ट नको म्हणून. एवढं शहाणपण मला स्वतःच्या स्वयंपाकघरात सुचलं नाही, हेच माझं दुर्दैव.

ही चॉकलेट चिप कुकीज करते. तुम्ही खाल्ल्या आहेत. मागच्या खेपेला डबाही परत दिला नाहीत. (आठवण म्हणून लिहिलं, राग नाही.) आमच्या खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. दर शनिवारी हिच्या कुकीजचा डबा तिथे जातो. दात दाखवून भेदरलेल्या पोरांना बाहेर पडताना एकेक कुकी देतात. (दातांच्या डॉक्टरनं गोड वाटावं, हे मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतं, पण तो माझ्या खात्याचा विषय नव्हे.) तर हिचं सगळं काम एका ॲल्युमिनियमच्या वाटीवर चालतं. एका अंगाला पोचा आलेली, कड जराशी वाकडी. मैदा त्या वाटीनं, साखर त्या वाटीनं, लोणीही त्याच वाटीनं. निवृत्त माणसाच्या हाताला काम नसलं की तो दुसऱ्याच्या कामात हात घालतो. मी एके दिवशी ती वाटी उचलली, पाण्यानं काठोकाठ भरली, निरोपसमारंभात मिळालेल्या पितळी काट्यावर पाणी तोललं, आणि सवयीनं मोठ्यानं निकाल दिला, “ही खोटी आहे.”

साडूभाऊ, मी वाटीबद्दल बोललो होतो. पण ही त्या वेळी माझ्याकडे पाठ करून उभी होती, आणि हातातलं पीठ तिनं तसंच ठेवलं. ती चिडली असती तर मी निभावून नेलं असतं. तिनं नुसते हात धुतले. मी आपला आगीत तेल ओतत राहिलो, म्हणालो की पोच्यामुळे माप मारलं जातं, कायद्यानं ही जप्त व्हायला हवी. तेव्हा तिनं वाटी धुतली, पुसली, पिशवीत तळाशी घातली आणि वर कपडे रचले. दारात एवढंच म्हणाली, “खऱ्या मापानं करा आता.” तिनं चष्मा नेला असता, औषधं नेली असती, तर मी समजलो असतो की चार दिवसांत येईल. चष्मा इथेच आहे. वाटी नेली.

मग मीही हट्टाला पेटलो. कुकीच तर करायची, त्यात काय एवढं! कृती मला तोंडपाठ आहे, कारण ही काम करताना पुटपुटते: दोन वाट्या मैदा, वाटीभर लोणी, पाऊण वाटी साखर, अंडं एक, सोडा चिमूट, चॉकलेट मुठीनं. किराणावाल्याकडे गेलो. याचा काटा मी पूर्वी जप्त केला होता. त्यानं हसतमुखानं स्वागत केलं आणि माझ्यासमोर चॉकलेटच्या चिप्स तोलायला घेतल्या. एक टाकली, काटा खाली. एक काढली, काटा वर. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली तरी गडी हलेना. शेवटी एक चिप सुरीनं अर्धी कापून पारड्यात ठेवली आणि म्हणाला, “साहेब, तुमच्यासमोर चूक नको.” उरलेला अर्धा तुकडा त्यानं तोंडात टाकला.

वाटी नव्हती, पण तिच्यातल्या पाण्याचं वजन माझ्या डोक्यात होतं. तेवढंच वजन एक वाटी धरून मी मैदा तोलला, लोणी तोललं, साखर तोलली. पाण्याची वाटी जड आणि मैद्याची वाटी हलकी, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण मी शाळेतलं पोरगं नव्हतो, निवृत्त निरीक्षक होतो. मैदा इतका झाला की लोणी त्यात कुठे गडप झालं ते कळेना. मोठ्या मुश्किलीनं गोळे वळले. ओव्हनमध्ये ते पसरतील म्हणून काचेला डोळा लावून बसलो. एक गोळा जागचा हलला नाही. जसे गेले तसे बाहेर आले, फक्त रंग बदलून, आणि ट्रे तिरका होताच घरभर गडगडत गेले. एक अजून कपाटाखाली आहे. गुडघ्यामुळे मी त्याचा नाद सोडला.

दुसऱ्या वेळी काटा बाजूला ठेवला आणि वाटीवर आलो. मांडणीवरची एक वाटी घेतली, मैदा मोजला, साखर मोजली. तिच्यातच लोणी घालून ती कोण घासत बसणार, म्हणून लोण्याला शेजारची दुसरी वाटी घेतली. दोन्ही वाट्या दिसायला बहिणी, पण एक तुमची आणि एक माझी असाव्यात इतका स्वभावात फरक. (हे ताईंना वाचून दाखवू नका.) लोण्याची वाटी बरीच मोठी निघाली. या खेपेला गोळ्यांनी पसरायचं मनावर घेतलं आणि एकमेकांच्या गळ्यात पडून सगळ्या ट्रेची मिळून एकच कुकी झाली. मी पट्टी लावून तिचे चौकोन कापले. चौकोन मात्र अगदी बिनचूक होते.

तिसऱ्या वेळी एकाच वाटीनं सगळं घेतलं, मधे मधे घासून. गोळे पसरले, पण बेतानं. मी ट्रे बाहेर काढला आणि प्रत्येक कुकी अंगठ्यानं दाबून तपासली. मऊ! म्हणजे कच्ची. परत आत. पुन्हा दाबली, पुन्हा मऊ, पुन्हा आत. असं करत करत शेवटी समाधान झालं तेव्हा बाहेर काढल्या, आणि शनिवार होता म्हणून डबा भरून खाली घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक कुकी टेबलावर आपटून बघितली. आवाज आला. म्हणाल्या, “काका, या मी नाही ठेवू शकत. लोकांना वाटेल, मीच धंदा वाढवतेय.” मग त्यांनी हळूच विचारलं, “काकू कधी येणार? पोरं विचारतात. नाही तर मला दुसरीकडे सांगायला हवं.” मी म्हणालो, येईल की. खरं सांगतो, जिना चढताना गुडघ्यापेक्षा ते उत्तर जास्त दुखलं. ही गिऱ्हाइकं तिनं स्वतःच्या हातानं जोडलेली आहेत. माझ्या एका शब्दापायी ती तुटली तर मी तिला तोंड कसं दाखवू?

वर आल्यावर मला आठवलं की ही ट्रे काढून ओट्यावर ठेवते आणि मी हात घातला की म्हणते, “थांबा, अजून बसायच्या आहेत.” मला इतकी वर्षं वाटे, हे मला खाऊ न देण्याचं निमित्त आहे. पण कुकी गरम असताना मऊच असते. बाहेर काढून गप्प राहायचं असतं, मग ती आपली आपण बसते. आज चौथा घाणा काढला आणि हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभा राहिलो. चांगल्या झाल्यात. हिच्यासारख्या नाहीत, पण दातांना चालतील. एक खाल्ली आणि “बघ, जमल्या” असं म्हणायला मागे वळलो. साडूभाऊ, घर फार शांत आहे. दोन वाट्या मैदा, वाटीभर लोणी, असं मीच पुटपुटत असतो, पण आपलंच पुटपुटणं ऐकण्यात मजा नाही.

असो. आता विनंती. शनिवार तोंडावर आला आहे, तेव्हा विषयात नमूद केलेली ॲल्युमिनियमची वाटी कृपा करून लवकर परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, एवढंच मागणं.

आपला,
धाकटा साडू

ता. क. वाटी पार्सलनं पाठवू नका. वाटेत आदळआपट होते. कुणीतरी स्वतः हातात धरून आणलेली बरी. कोणी, ते मी सुचवत नाही.

ता. क. माझा आधी बेत होता की हिला चार दिवस निवू द्यावं, निवली की मऊ होईल. पण कुकीचं बघितल्यापासून धास्ती बसली आहे. ती निवली की कडक होते. म्हणून पत्र आजच टाकतो आहे.

ता. क. वर ‘तिला कळू देऊ नका’ असं लिहिलंय, ते रद्द समजावं. पत्र मोठ्यानं वाचा. ती स्वयंपाकघरात असेल तर दारात उभं राहून वाचा. पंख्याचा आणि दोन बहिणींचा मजकूर तेवढा गाळा.

ता. क. तुमच्या तिथे कुणी हौशी माणूस वाटीचा पोचा ठोकून सरळ करून देतो म्हणाला, तर करू देऊ नका. माप बदलेल. या घरात आता तेच खरं धरलं आहे.