वाकड्या टाचेचा मोजा

रॅपाहॅनॉक नदीचा उत्तर काठ,
फेब्रुवारी १८६३

तीर्थस्वरूप लोविनाताईस,

असाहेलचा साष्टांग नमस्कार. (इथल्या चिखलात पाय घसरला की आठही अंगं आपोआप टेकतात, तेव्हा हा नमस्कार केवळ शब्दांचा समजू नये.) तुझी कंबर, वडिलांचा खोकला आणि तांबड्या गाईचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा करतो. गाईबद्दल आग्रह नाही.

तुझी पेटी पोचली. वाटेत आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी फुटून मुरंब्याने केक, साबण आणि मोजे यांच्याशी अद्वैत साधलं होतं. आमच्या झोपडीतला सोबती टटल (घरी असताना हा खाटीक होता) केक खाऊन म्हणाला, "मास्तर, बहिणीच्या हाताला चव आहे. लोकर जरा कमी घालायला सांगा." तरी कण उरला नाही. सरकारी बिस्किटं बंदुकीच्या दस्त्याने फोडून खाणाऱ्याला साबणाचाही सुगंधच वाटतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघं तुझं नाव घेऊन जेवलो. इतकी वर्षं मुलांना लॅटिन शिकवलं, पण कृतज्ञतेला नेमका शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघाला नाही. तोंड भरलेलं होतं.

आता मोजे. त्यांची ऊब निर्विवाद, टाच मात्र वादग्रस्त. ताई, मनुष्यमात्राची टाच पायाच्या मागे असते, तू विणलेली बाहेरच्या घोट्यावर येते. आई टाच शिकवत होती तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत होतीस, हा माझा जुना सिद्धान्त. कवायतीत मोजा पायाभोवती फिरतो आणि 'डावीकडे वळ' असा हुकूम आला की मी उजवीकडे वळतो. (सार्जंट याचं खापर माझ्या वयावर फोडतो. मी खुलासा केलेला नाही. घरची अब्रू आहे.) शेजारच्या टोलमनबाई तुला टाच शिकवायला तयार आहेत असं लिहितेस. विलंब नको, आजच शिष्यत्व पत्कर.

सोबतची तंबाखू वडिलांसाठी. ती कशी मिळाली ते ऐक. नदी इथे अरुंद, अलीकडे आम्ही उत्तरेचे, पलीकडे बंडखोर दक्षिणेचे पहारेकरी. एकमेकांशी बोलायला सक्त मनाई, त्यामुळे अधिकाऱ्यांची पाठ वळल्यावरच बोलतो. त्यांना कॉफी मिळत नाही, आम्हाला तंबाखू. मंगळवारी धुक्यातून सर्दीने बसलेल्या आवाजात हाक आली, "ओ निळे कोटवाले, कॉफी आहे का?" मी एका फळीची होडी केली, कागदाचं शीड लावलं, आणि कॉफी बांधायला काही सापडेना म्हणून तुझ्या एका मोज्यात भरली. (रागावू नकोस, मोज्याला प्रथमच टाचेची गरज नसलेलं काम मिळालं.) होडी पोचली. मग आवाज आला, "अहो, या मोज्याची टाच कुठंय?"

"घोट्यावर," मी म्हटलं.

मग धुक्यात अंधूक दिसणारा पलीकडचा माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून बूट काढू लागला. होडी परत आली ती तंबाखू घेऊन, तीही मोज्यातच. तेवढ्यात आमचे कॅप्टन आले, आणि दोन्ही काठांवरची मंडळी एकदम आभाळाचा अभ्यास करू लागली.

वडिलांना नमस्कार, टोलमनबाईंना आगाऊ धन्यवाद.

तुझा भाऊ,
असाहेल

ता. क. इथून पुढचं वडिलांना वाचून दाखवू नकोस. परत आलेला मोजा माझा नव्हता, त्याने पायातून काढलेला होता; त्याचीही टाच घोट्यावर, आणि डाव्या अंगठ्याला भोक. असं भोक आपल्या घरात एकच माणूस पाडायचा. आपला धाकटा भाऊ ओबेद दक्षिणेच्या फौजेत गेल्यावर वडिलांनी त्याची खुर्ची माळ्यावर टाकली, नाव बंद केलं, आणि ते न उच्चारण्याची शपथ सर्वांत मोठ्या आवाजात तू घेतलीस. डिसेंबरातल्या लढाईनंतर त्याचा पत्ता नव्हता. ताई, तो आहे. दोन्ही पायांनिशी आहे. एकावर उभा राहून त्याने दुसरा मला दाखवला. बाल्टिमोरच्या मावशीला संधिवातासाठी तू मोजे पाठवतेस, ते पुढे कुठे जातात हे मी विचारत नाही. मावशीची पावलं चिमणीएवढी, इतकंच मला आठवतं.

आणखी एक. तंबाखू वडिलांना आवडली तर कुणाची ते सांगू नकोस. नाही आवडली तर माझी म्हण.

शेवटचं. टोलमनबाईंच्या घरी पाऊल टाकू नकोस. तुझी टाच सरळ झाली, तर नदीच्या दोन काठांवर आम्ही एकमेकांना कशावरून ओळखायचं? पुढच्या पेटीत दोन जोड घाल. दोन्ही वाकडे.