चंद्री कुणाच्या दारात

१२ जून
आमची म्हैस चंद्री गाभडली. आठवा महिना लागला होता. सकाळी शेण काढायला गेले तर रेडकू मागं पडलेलं, गार. रेडकामागून पडायचा जार आतच अडकला होता. हे म्हणाले, "तुझा हात बारीक हाय, तूच ओढ." कोपरापर्यंत हात घालून ओढला. राखेनं धुतला, साबणानं धुतला, वास काही जाईना. रेडकू ह्यांनी ओढ्यात टाकलं, लगेच कुत्री जमली.
मलाही तिसरा महिना. दिवसभर घास उतरला नाही.

२५ जून
रेडकू गेलं तरी म्हैस दूध द्यायलीय. धार काढली की सासू पहिला पेला माझ्यापुढं धरते. "धारंचंच पी. चुलीवर गेलं की सत्त्व जातंय." म्हातारी कधी नव्हे ती माया करायलीय, नको कसं म्हणू? आणि खोटं कशाला बोलू, मला आवडतं. कोमट असतं, फेस ओठाला लागतो.

९ जुलै
ताप. दिवेलागणीला थंडी भरते, सकाळी घामानं लुगडं ओलं. पालमच्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून सलाईन लावलं. कंबर अशी धरलीय की उठताना भिंत लागते. हे म्हणतात, "आईच्या आधी तूच म्हातारी झालीस की गं." हसले मी पण.

२८ जुलै
गेलं. काल दुपारी.
म्हातारीनं मीठ-मिरच्या घेऊन आधी गोठ्याची दृष्ट काढली, मग त्याच मिरच्यांनी माझी. "एकाच नजरेचं हाय हे," म्हणाली. असा राग आला. मी काय म्हैस आहे का?
नंतर रडले. तिच्याच मांडीवर.

१४ ऑगस्ट
ताप पुन्हा आला म्हणून परभणी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घरात एखादं जनावर गाभडलं होतं का?" चंद्रीचं सांगितलं. रक्त काढलं. ब्रुसेला निघाला. जनावराला गाभडवणारा जंतू. उघड्या हातानं जार ओढला तरी येतो, कच्च्या दुधातून येतो. माझ्यात तर दोन्ही वाटांनी. गोळ्या चालू, लय दिवस घ्यायच्या आहेत.
हे आणि म्हातारी चहाचे गडी, उकळलेलंच पितात.
म्हणजे म्हातारी बरोबरच होती की. दोघींना एकच लागलं होतं.

२२ ऑगस्ट
जनावरांच्या डॉक्टरांनी चंद्रीचं रक्त नेलं होतं. तिच्यातही तेच. ह्यांना दारात उभं करून सांगितलं, वेगळी बांधा, दूध उकळूनच प्या, विकू तर अजिबात नका. हे मान डोलवायलेत. ह्यांचं मान डोलावणं मला चांगलं ठाऊक आहे.

५ सप्टेंबर
गोठा रिकामा. ह्यांनी चंद्री ताडकळसच्या बाजारात नेऊन विकली. आजाराचं सांगितलं का म्हटलं, तर म्हणे, "सांगितल्यावर कोण घेतंय?" आणि वर जेवताना कौतुक, गिऱ्हाईक लय चांगलं भेटलं, त्याची सून पोटुशी हाय, तिच्यासाठी घरचं दूध पाहिजे होतं म्हणं.
मी ताट बाजूला सारलं.
"अवो, तुमाला कळतंय का काय करून आलात?"
"सगळेच विकतेत. आपल्याला तरी कुणी सांगून दिली होती?"
चंद्री आपल्याकडं बाजारातूनच आलेली. तिच्या आधीच्या दारात कोण होती, तिचं काय झालं, देव जाणे.

८ सप्टेंबर
ती पोरगी डोक्यातून हलत नाही. तोंड दिसत नाही तिचं, नुसता पेला धरलेला हात दिसतो. मशीनवर शिवायला बसले, ब्लाऊजची बाही उलटी जोडली. गोठ्यात चंद्री रेकली असं वाटतं, उठून जाते, कोणी नसतं. म्हातारी म्हणते, येड लागलं हिला. ह्यांच्याशी बोलणं बंद. ताट आपटून वाढते.

११ सप्टेंबर
बाजारातल्या दलालाच्या मागं लागून त्या गिऱ्हाइकाचा नंबर मिळवला. फोन सुनेनंच उचलला. कोवळा आवाज. सहावा महिना. "लय गरीब म्हैस हाय ओ ताई. मामी पहिला पेला मलाच देतेत." मामी म्हणजे तिची सासू.
सगळं सांगितलं. माझं पोट गेलं तेही. तेवढ्यात तिच्या सासऱ्यानं फोन घेतला. "म्हैस चांगली निघाली म्हणून पोटात दुखायलंय का? सौदा झाला बाई. परत मिळायची न्हाई."
"मला म्हैस नको ओ!" मी ओरडलेच.
"मग नजर तरी लावू नका."
ठेवला. खरं बोलावं तर हे असं.

१५ सप्टेंबर
जाऊन आले. घरी सांगितलं माहेरी चालले. एस.टी.नं ताडकळस, तिथून ऑटो. पोरीचा सासरा रानात होता, बरं झालं. चंद्रीनं ओळखलं मला. कान हलवले, हात चाटायला मान लांब केली. मी हात मागं घेतला. तिचा बिचारीचा काय दोष.
सासूनं पाणी दिलं, बसवलं, माझा रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. "तुमचं गेलं त्याचं वाईट वाटतंय बाई. पण आमच्या चांगल्यावर कशाला बोट ठेवता?" आमची म्हातारी असती तर हेच बोलली असती.
सून सोडायला रस्त्यापर्यंत आली. वीसेक वर्षांची असेल. म्हणाली, "आजपासनं उकळून पिते. मामीला कळू देत न्हाई." थोडं चालल्यावर थांबली. "आन् आतापत्तर पिले त्याचं काय?"
चल माझ्यासंगं, आत्ताच रक्त तपासू, म्हटलं. नवऱ्याला इचारून सांगते म्हणाली.

२१ सप्टेंबर
फोन नाही तिचा.
आज हेच आपणहून बोलले. "गेलतीस ना तिकडं? बाजारात नाव जाईल आता माझं." जाऊ द्या म्हटलं, नावाला काय चाटायचंय? ह्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "पोरगी बरी हाय ना पण?"
मला काय माहीत.

२६ सप्टेंबर
आता फोन आला. तिचाच. हळू बोलायली होती. रक्त तपासलं का, मी विचारलं. ते सोडून म्हणाली, "ताई, लेकरू पोटात किती वेळ न्हाई हललं तर काळजी करावी?"
म्हटलं, कधीपासनं? अगं, कधीपासनं? मागून सासऱ्याचा आवाज आला आणि फोन बंद.
ह्यांनी सगळं ऐकलं. गाडी बाहेर काढली, पोरीकडं जायचं म्हणून पेट्रोल टाकून आणायला गेलेत. तोवर हे लिहिते, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. मधून मधून फोन लावायलेय. रिंग जाते, कोणी उचलत नाही.