लाल ताऱ्याची राहिलेली अर्धी गोष्ट

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा फिरता, राहणार सध्या घुमटवाल्या काकांच्या टेम्पोत मागच्या बाजूला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, फक्त उजवा गाल सुजलेला असताना लिहून ठेवतो. कोणी जबरदस्ती केलेली नाही. उलट काका म्हणाले, "अरे, दाढ काढायची आहे तुझी, मुंडकं नाही." पण दातांच्या डॉक्टरांनी काल एका कागदावर माझी सही घेतली आणि त्यात 'भूल दिल्यानंतर क्वचित' असं सुरू होणारं एक वाक्य होतं. मी आयुष्यात फार थोडी वाक्यं शेवटपर्यंत वाचली आहेत. त्यात नेमकं हे वाचलं.

चोवीस हे काही मृत्युपत्राचं वय नाही, असं कोणी म्हणेल. त्यांनी ऐकावं. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा. त्याचा एक ग्रह आहे, तो अकरा दिवसांत त्याच्याभोवती फेरी पुरी करतो. म्हणजे तिथलं वर्ष अकरा दिवसांचं. त्या हिशोबाने मी साडेसातशे ओलांडून बसलो आहे.

हे मला माहीत, कारण काकांच्या फुगणाऱ्या घुमटात तारे दाखवायचं काम माझ्याकडे आहे. शाळेच्या हॉलमध्ये कापड पसरायचं, मोठ्या पंख्याने फुगवायचं, पोरं बूट बाहेर काढून कापडी बोगद्यातून रांगत आत येतात, मग अंधार, मग आकाश. मोज्यांचा वास येतो, पण आकाशाकडे बघताना विसरायला होतं. याआधी मी बेकरीत होतो, टायरच्या दुकानात होतो, एका बोटीवरही होतो. बोटीवर एकदा असं झालं की… ते राहू दे, जागा कमी आहे.

कलम पहिले: घर. मला घर नाही. आत्याचं आहे, दोन खोल्यांचं, आणि तिच्या शिलाई मशीनमागे एक खाट आहे. आई-बाबा गेल्यापासून मी त्या खाटेवर झोपत आलो. ते कसे गेले ते इथे नको. माझे बाकीचे सगळे विषय भरकटले तरी चालतात, तो नको. खाट मुळात आत्याचीच, ती तिला परत.

कलम दुसरे: बचत. पुढचं कलम बघावं.

कलम तिसरे: हत्यारं आणि सामान. पेचकस, पक्कड आणि भंगारातून आणून मी चालू केलेला, मोठ्या पंख्याच्या मदतीचा जोडपंखा, हे सगळं काकांना. एक अट आहे, ती चौथ्या कलमात. काठीला लावलेला लाल बल्ब आणि तारेवर फिरणारा चेंडू, म्हणजे प्रॉक्सिमा आणि त्याचा ग्रह, आत्याला. मळके कपडे दरवेळी आत्याकडेच जायचे. आमचा टेम्पो फिरून फिरून साधारण अकरा दिवसांनी गावात परत यायचा, तेव्हा पिशवी घेऊन मी तिच्या दारात. (ग्रहाचेही अकरा. मी मुद्दाम केलेलं नाही.) ते कपडे आता कोणालाही द्यावेत. आधी धुवावेत.

कलम चौथे: जुनं भांडण. आत्या शाळेत शिवण शिकवते. घुमटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती तेव्हा तिनेच शिवून दिला, पैसे न घेता, शिव्या देऊन. मागच्या महिन्यात तिच्याच शाळेत आमचा खेळ होता. ती त्या दिवशी रजेवर आहे असा माझा समज. लाल बटू ताऱ्याची पाळी आली. मी बल्ब लावला आणि म्हणालो, "बघा, हा तारा बुटका, मंद, तांबडा. तासन्‌तास गप्प बसतो आणि मध्येच एकदम भडकतो. कारण लागत नाही."

एका मुलीने विचारलं, "कोणासारखा, दादा?"

"माझ्या आत्यासारखा."

"म्हणजे शिवणाच्या बाई!" असं कोणीतरी ओरडलं आणि आख्खा घुमट हसून हलला. मी बल्ब विझवून पुढचं बोलणार, तोच अंधारातून, शिवणीच्या बाजूने आवाज आला, "दिवा लाव, गाढवा."

शिवण आतून कशी दिसते ते बघायला ती रांगत आत आली होती. आता तशीच रांगत बाहेर गेली आणि जाताना बोगद्याचं तोंड उघडं टाकलं. हवा निघून गेली. घुमट हळूहळू खाली येऊन पोरांच्या अंगावर बसला. पोरांना तोच भाग सगळ्यात आवडला. मुख्याध्यापकांना नाही.

तेव्हापासून काका गावभर सांगत फिरतात, "बाईंची शिवण उसवली, म्हणून पडला." मी शपथेवर लिहून देतो की शिवण एका टाक्यानेही उसवली नव्हती. काकांनी हे बोलणं थांबवलं तरच जोडपंखा त्यांचा.

त्यानंतरच्या फेरीला मी घरी गेलो. आत्या शाळेत होती. किल्ली कायम कोरफडीच्या कुंडीखाली असते. दाराजवळची कुंडी उचलली, खाली किल्ली नाही. समजायचं ते समजलो. कुंडी जरा जोरात ठेवली आणि मागे न बघता जिना उतरलो. पुढच्या फेऱ्यांना टेम्पोतच झोपलो.

कलम पाचवे: माझी एकमेव स्वकष्टार्जित मिळकत, म्हणजे ताऱ्याची राहिलेली अर्धी गोष्ट. ही आत्याला. कोणीतरी स्पष्ट आवाजात वाचून दाखवावी, काकांनी नको.

तारा मंद आहे, म्हणून त्याचा ग्रह त्याच्या अगदी जवळ बसलेला असतो. शेगडी बारीक असली की आपण सरकून बसतो, तसा. लांब गेला तर गोठेल. तो बहुतेक एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरत असावा. म्हणजे भटकतो सारखा, पण पाठ दाखवत नाही. तारा भडकतो तेव्हा ग्रहाची हवा उडून गेली असेल की अजून शिल्लक असेल, हे शास्त्रज्ञांना ठाऊक नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे: शिल्लक आहे. आणि हा तारा जळण इतकं पुरवून पुरवून वापरतो की आपला सूर्य विझला तरी तो जळतच असेल. सगळ्यात जवळचा, आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. इथे मी पोरांना विचारतो, तुमच्या घरी असं कोण आहे? अंधारात हात वर होतात, दिसत नाहीत, नुसती सळसळ ऐकू येते. मग मी माझं उत्तर सांगतो. प्रत्येक शाळेत हेच सांगतो, आत्या. तू अर्ध्यातून उठलीस.

कलम सहावे: या सगळ्याची अंमलबजावणी आत्याने करावी. दुसरं कोणी करेल असं वाटत नाही.

साक्षीदारांबद्दल. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या गृहस्थांनी बजावलं आहे की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर त्याचा वाटा गेला. हे ऐकताच काकांनी उघडलेलं पेन मिटलं. "मग मी नाही बाबा. पंखा हातचा घालवू?" आता ते हा कागद घेऊन टेम्पोने दुसरा साक्षीदार शोधायला निघाले आहेत. मी त्यांना सांगितलं आहे, रस्त्यावरचा कोणीही चालेल, फक्त आत्या नको. तिने सही केली तर तिला यातलं काहीच मिळणार नाही.

सही: (केली आहे)

ठिकाण: दातांच्या दवाखान्यासमोरचं बाकडं.

तारीख: त्या ग्रहावर बहुधा एका बाजूला कायम दिवस, दुसरीकडे कायम रात्र, त्यामुळे तिथे तारखेचा प्रश्न येत नाही. इथे मंगळवार.

साक्षीदार पहिला: दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाई. पेशंट शुद्धीवर आहे. बडबड जास्त. उद्या उपाशीपोटी यावं.

साक्षीदार दुसरा: याची आत्या. नियम काकांनी दोनदा वाचून दाखवला, मला कळला, तरी सही करते. मला यातलं काहीही नको. शिवण उसवली नाही, हे लेखी दिलंस तेवढं ठेवून घेते. कोरफडीला दाराशी ऊन मिळत नव्हतं म्हणून मी ती खिडकीच्या कठड्यावर नेली. किल्ली तिच्याच खाली आहे, हलवलेली नाही. तू उचललीस ती शेजारणीची कुंडी. ती फुटली आहे, नवी आणून दे. दाढ निघाली की सरळ घरी यायचं, कपडे घेऊन. काहीतरी पातळ करून ठेवते. आणि मी बुटकी नाही.